संत इग्नेशिअस लोयोला : एका परिवर्तनाची लांबलेली वाट

दरवर्षी ३१ जुलै रोजी ख्रिस्तसभा येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशिअस लोयोला ह्यांचा सण साजरा करते. त्या दिवशीच्या प्रवचनांतून तोफगोळ्याची कथा आपण सर्वांनीच ऐकलेली आहे. मानी सरदारपुत्र, गडावरील लढाई, पायावर आदळलेला गोळा, आजारपणात हाती आलेली संतचरित्रे आणि त्यानंतर एकदम संतपण! ही कथा खरी आहे. तथापि ती अशी थोडक्यात सांगितली गेली म्हणजे ऐकणाऱ्यावर नकळत एक अन्याय होतो, असे आम्हांस वाटते. उपवासकाळात रिट्रीट करून, मनापासून पापनिवेदन करून घरी परतलेला मनुष्य तीन आठवड्यांनी पुन्हा पूर्वीसारखाच पत्नीवर खेकसतो, पुन्हा बाटलीकडे वळतो किंवा भावाबरोबरचा जमिनीचा तंटा पुन्हा उकरून काढतो. आणि मग आपले परिवर्तन खोटेच होते, अशी समजूत करून घेऊन प्रार्थनाही सोडून देतो. असे भाविक आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत. आम्हीही त्यांच्यापैकीच आहोत.

इग्नेशिअस ह्यांचे चरित्र बारकाईने पाहिले तर निराळेच चित्र दिसते. तोफगोळ्याने मोडले ते हाड. मन पालटण्यास पुढे कित्येक वर्षे लागली, आणि त्या वर्षांत खुद्द परिवर्तनच एकदा आडवाटेला गेले होते. त्या वर्षांविषयी ह्या लेखात आम्ही लिहिणार आहोत.

स्पेनच्या उत्तरेस बास्क लोकांचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील आझ्पेतिया गावाजवळच्या लोयोला गढीत १४९१ साली त्यांचा जन्म झाला. परंपरेनुसार तेरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. स्नानसंस्काराच्या वेळी त्यांचे नाव इनिगो असे ठेवण्यात आले. आई लवकर वारली आणि जवळच राहणाऱ्या एका लोहाराच्या पत्नीने बाळाला दूध पाजून वाढविले. पुढे किशोरवयात इनिगोला आरेव्हालो येथे कास्तिल राज्याच्या खजिनदाराच्या घरी पाठविण्यात आले. तेथे तो दरबारी रीतिरिवाज शिकला, सुंदर हस्ताक्षर शिकला, तलवार शिकला आणि वीरकथांच्या कादंबऱ्यांत बुडून गेला. (त्या काळातील ह्या तरुणाविषयी एकेरीत लिहीत आहोत, ह्याबद्दल वाचकांनी आम्हांस क्षमा करावी.)

त्याच्या तारुण्याचे वर्णन करताना पुष्कळ लेखक हात आखडता घेतात. आम्हांस त्याची गरज वाटत नाही, कारण पुढे स्वतः इग्नेशिअस ह्यांनीच आपण सव्विसाव्या वर्षापर्यंत जगाच्या पोकळ मानसन्मानात रमलो होतो, असे आपल्या आत्मकथनाच्या आरंभीच सांगून टाकले आहे. १५१५ साली उपवासकाळापूर्वीच्या कार्निव्हलच्या दिवसांत आझ्पेतिया येथे रात्रीच्या वेळी झालेल्या एका मारामारीत तो आणि त्याचा धर्मगुरू असलेला भाऊ सापडले. गुन्हा गंभीर स्वरूपाचा होता. खटला चुकविण्यासाठी इनिगोने आपण लहानपणी धर्मसेवेची दीक्षा घेतली असल्याने आपला न्याय ख्रिस्तसभेच्या न्यायालयातच व्हावा, असा दावा केला. मात्र हा दीक्षित मनुष्य लांब केस राखून, शस्त्रे बाळगून हिंडतो, हे न्यायाधिकाऱ्यांना ठाऊक होते. देवाचे नाव त्याने प्रथम वापरले ते असे, शिक्षेपासून पळवाट म्हणून.

१५१७ साली खजिनदाराचे वैभव लयास गेले आणि तो वारला. इनिगो नाहेराच्या ड्यूकच्या पदरी गेला. हा ड्यूक नावारा प्रांताचा राजप्रतिनिधी होता. १५२१ च्या मे महिन्यात फ्रेंच सैन्य पाम्प्लोना शहरावर चालून आले. शहराने शरणागतीचा मार्ग धरला. किल्ल्यातील अधिकाऱ्यांचेही मत तेच होते. परंतु इनिगोने किल्लेदाराला लढण्यास राजी केले. लढाईपूर्वी धर्मगुरू जवळ नसल्याने त्याने एका सोबत्याजवळ आपली पापे कबूल केली. २० मे रोजी तोफेचा गोळा त्याच्या दोन्ही पायांमधून गेला. एक पाय पार मोडला, दुसऱ्यास जखम झाली. तो कोसळताच किल्लाही पडला. फ्रेंचांनी मात्र ह्या जखमी शत्रूशी सौजन्याने वागून, त्याच्यावर उपचार करून त्याला पालखीसारख्या डोलीतून घरी पोहोचविले.

ह्यानंतर जे घडले ते आम्हांस तोफगोळ्यापेक्षाही महत्त्वाचे वाटते. हाड नीट बसले नव्हते, म्हणून वैद्यांनी ते पुन्हा मोडून बसविले. भूल देण्याचे औषध त्या काळी नव्हते. इनिगोने मुठी आवळल्या. तोंडातून शब्द काढला नाही. प्रकृती खालावत जाऊन संत पेत्र आणि पौल ह्यांच्या सणाच्या आदल्या दिवशी तो मरणाच्या दारात पोहोचला. त्याला अंतिम संस्कार देण्यात आले. मध्यरात्रीनंतर उतार पडला. एवढे होऊनही, हाड जुळून आल्यावर गुडघ्याखाली एक टोक वर आलेले दिसू लागले आणि पाय आखूड झाला. दरबारात त्या वेळी घट्ट, उंच बुटांची रीत होती. ते बूट आता पायात चढणार नाहीत, ह्या एका कारणासाठी त्याने वैद्यांना ते हाड कापून टाकावयास सांगितले. आजवरच्या सर्व वेदनांहून ही वेदना मोठी असेल, असे वैद्यांनी बजावले. थोरला भाऊ हादरला. इनिगो ऐकेना. हाड करवतीने कापले गेले, पाय लांब व्हावा म्हणून तो दिवसेंदिवस ताणून ठेवण्यात आला. हे सारे बुटांसाठी!

देवाच्या हाती लागलेला मनुष्य असा होता. दुबळा मुळीच नव्हता. त्याची इच्छाशक्ती लोखंडासारखी होती, केवळ तिच्यापुढील ध्येय हास्यास्पद होते. पुढील वर्षभर त्याचे ध्येय पालटले, पण ती हट्टी इच्छाशक्ती मात्र तशीच राहिली. तिच्यापासूनच त्याला सर्वांत मोठा धोका होता.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने वीरकथांची पुस्तके मागितली. गढीत ती नव्हती. घरची मंडळी, बहुधा त्याची भावजय माग्दालेना, ह्यांनी जे होते ते दिले : सॅक्सनीच्या लुडॉल्फ ह्यांनी लिहिलेले ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या चरित्रांचा एक संग्रह. नाइलाजाने तो वाचू लागला. पुस्तक मिटल्यावर त्याचे मन दोन दिशांना धावे. कधी तो एका थोर कुळातील स्त्रीच्या विचारात तीन-तीन, चार-चार तास रमून जाई. कधी संत फ्रान्सिस वा संत डॉमिनिक ह्यांनी केले ते आपणही का करू नये, असा विचार करीत तितकाच वेळ घालवी. दोन्ही विचार चालू असताना गोडच वाटत. परंतु पहिला ओसरला की मन कोरडे, असमाधानी होई. दुसरा ओसरल्यावरही आनंद टिकून राही. कित्येक दिवस हा फरक त्याच्या ध्यानातच आला नाही. एके दिवशी आला. आपल्या मनात येणारे सर्वच विचार एका ठिकाणाहून येत नाहीत, हे त्याला तेव्हा कळले. पुढे आध्यात्मिक साधना ह्या छोट्या पुस्तकात त्यांनी आत्म्यांची पारख करण्याचे जे नियम दिले, त्यांचे बीज येथे आहे. हा शोध कोणा पंडिताने ग्रंथालयात लावलेला नाही. कंटाळलेल्या एका रुग्णाने छताकडे पाहत लावलेला आहे.

तथापि त्या निश्चयाचे स्वरूप पाहावे. फ्रान्सिसने हे केले, मग मीही करीन. डॉमिनिकने ते केले, मग मीही करीन. ही भक्ती होती, पण तिच्यात दरबारातील शर्यतही होती. बूट बदलले, चाल तीच राहिली!

१५२२ च्या प्रारंभी तो घराबाहेर पडला. मोन्सेराटच्या वाटेवर त्याला खेचरावर बसलेला एक मूर प्रवासी भेटला. पवित्र मरियेच्या कौमार्याविषयी दोघांत वाद झाला. मूर मनुष्य आपले मत मांडून पुढे निघून गेला. नंतर इनिगोच्या मनात आले, की राणीचा अपमान झाला असता सरदाराने गप्प बसावे काय? त्याला गाठून खंजीर खुपसावा की सोडून द्यावे, हे त्याला ठरविता येईना. शेवटी त्याने आपल्या खेचराचा लगाम सैल सोडला. त्या फाट्यावर खेचर मूर गेला त्या गावाच्या रस्त्याला लागले असते, तर संतांच्या यादीत एक नाव कमी झाले असते आणि एक निरपराध मनुष्य प्राणास मुकला असता. खेचराने दुसरी वाट धरली. इग्नेशिअस ह्यांनी हा प्रसंग आपल्या आत्मकथनात लपविलेला नाही. देवाची सेवा करण्याची तळमळ असूनही आत्मा किती आंधळा असू शकतो, हे दाखविण्यासाठीच त्यांनी तो सांगितला आहे.

मोन्सेराटच्या मठात त्याने आपल्या साऱ्या आयुष्याची पापे लिहून काढून तीन दिवस पापनिवेदन केले. २४ मार्च १५२२ च्या रात्री त्याने आपली उंची वस्त्रे एका भिकाऱ्याला दिली, तलवार आणि खंजीर मरियामातेच्या वेदीपाशी अर्पण केले आणि जाडाभरडा अंगरखा घालून रात्रभर तेथे जागरण केले. दुसऱ्या दिवशी तो वाटेला लागला, तेव्हा एक मनुष्य त्याच्या मागे धावत आला. त्या भिकाऱ्याजवळ इतके भारी कपडे पाहून लोकांनी त्याला चोर ठरविले होते. इनिगोच्या डोळ्यांत पाणी आले. आपल्या मोठेपणाच्या त्यागाची किंमत एका गरिबाने मोजली, हे त्याला दिसले. एवढ्या वर्षांत दुसऱ्याच्या दुःखासाठी आलेले हे त्याचे पहिले अश्रू असावेत, असे आम्हांस वाटते.

तेथून तो जवळच्या मान्रेसा गावी गेला. थोडेच दिवस राहण्याचा विचार होता. जवळजवळ अकरा महिने राहिला. हे अकरा महिने प्रवचनांतून बहुधा वगळले जातात. पूर्वी केसांची निगा राखणाऱ्या ह्या तरुणाने आता केस विंचरणे, कापणे सोडले; हातापायांची नखे वाढू दिली. तो भीक मागे, इस्पितळातील रुग्णांची सेवा करी, मांस आणि मद्य वर्ज्य करी, दिवसाचे सात तास गुडघ्यांवर प्रार्थना करी. बाहेरून पाहणाऱ्यास तो संतच वाटला असेल. आत मात्र काळोख दाटत होता. मोन्सेराटला सांगितलेली पापे आपण पूर्णपणे सांगितली नाहीत, अशी शंका त्याला छळू लागली. तो पुन्हा पापनिवेदन करी; पुन्हा शंका येई. जे स्पष्ट आठवते तेवढेच सांग, असे धर्मगुरूंनी सांगितले, तर त्याला सारेच स्पष्ट आठवत होते! त्याच्या खोलीत एक मोठे भगदाड होते. त्यात स्वतःला झोकून द्यावे, असा विचार त्याच्या मनात वारंवार येऊ लागला. आत्महत्या पाप आहे, ह्या एका जाणिवेने त्याला धरून ठेवले.

मग त्याने आपले जुने हत्यार उपसले. देवाने शांती दिल्याखेरीज आपण अन्नपाणी घेणार नाही, असे ठरवून तो आठवडाभर उपाशी राहिला. हाड कापून घेताना हेच चालले, मग येथे का चालू नये? रविवारी पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरूंना हे कळले. त्यांनी उपवास सोडण्याची आज्ञा केली. अंगात अजून बळ असतानाही त्याने ती पाळली. दोन दिवस शांतता लाभली. तिसऱ्या दिवशी शंका परत आल्या, आणि ह्या जीवनाचा वीट येऊन ते सोडून देण्याची ऊर्मीही आली. तेव्हा जणू झोपेतून जागे व्हावे तसे त्याला उमगले, की आपल्याला निराशेकडे लोटणारा हा आवाज कितीही धार्मिक भाषा बोलो, तो देवाचा नव्हे. मागील पापे पुन्हा पुन्हा उगाळावयाची नाहीत, असे त्याने ठरविले. शंका सुटल्या. हळूहळू त्याने केस आणि नखेही कापली. हिवाळ्यात आजारी पडल्यावर मित्रांनी आग्रह केला, तेव्हा त्याने उबदार कपडे आणि टोपीही घातली. पुढे त्या दिवसांविषयी बोलताना, शाळामास्तराने लहान मुलाला शिकवावे तसे देवाने आपल्याला शिकविले, असे त्यांनी सांगितले आहे.

ह्याच काळात कार्डोनेर नदीच्या काठी बसलेला असताना त्याच्या बुद्धीला असा प्रकाश लाभला, की पुढील साऱ्या आयुष्यातील शिकवण एकत्र केली तरी ती त्या एका घटकेइतकी होणार नाही, असे त्यांना म्हातारपणीही वाटे. काय दिसले, हे त्यांनी नीटसे सांगितले नाही. आम्हीही तर्क करीत नाही. येथवर आम्ही एकेरीत लिहीत आलो. आता लेखणी तसे करण्यास धजत नाही.

तरीही एक गोष्ट अजून त्यांच्या हाती घट्ट होती : स्वतः आखलेली योजना. त्यांना जेरुसलेमला जाऊन, प्रभू येशू जेथे चालले त्या भूमीत आयुष्यभर राहावयाचे होते. १५२३ च्या सप्टेंबरात ते तेथे पोहोचले. पवित्र स्थळांची जबाबदारी फ्रान्सिस्कन बंधूंवर होती. यात्रेकरूंना पकडून खंडणी मागण्याचे प्रकार घडत असल्याने त्यांच्या प्रमुखांनी इग्नेशिअस ह्यांना परत जाण्यास सांगितले. आपला निश्चय पक्का आहे, असे त्यांनी उत्तर दिले. मग प्रमुखांनी, न ऐकणाऱ्यास बहिष्कृत करण्याचा अधिकार आपल्याला पोपमहोदयांकडून मिळालेला आहे, असे सांगितले आणि त्याची कागदपत्रे दाखवू लागले. इग्नेशिअस ह्यांनी ती पाहण्याचे नाकारले. त्यांचा शब्द पुरेसा होता.

मात्र जाण्यापूर्वी ते कोणालाही न सांगता एकटेच जैतून डोंगरावर गेले. प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या वेळच्या पाऊलखुणा तेथील शिळेवर दाखविल्या जात. पहारेकऱ्यांना आपला चाकू देऊन त्यांनी दर्शन घेतले. खाली आल्यावर उजवे पाऊल कोणत्या दिशेला होते हे आपण पाहिलेच नाही, असे ध्यानात आले. म्हणून पुन्हा वर गेले आणि ह्या वेळी कात्री दिली! मठातील एका सेवकाने त्यांना रागाने दंड धरून परत आणले. आम्हांस हा प्रसंग फार प्रिय आहे. आयुष्याचे स्वप्न मोडलेला हा मनुष्य निराश न होता एका पाऊलखुणेसाठी कात्री देऊन बसतो.

आता काय करावे? लोकांना मदत करावयाची तर शिकले पाहिजे, असे त्यांना वाटले. १५२४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, बार्सेलोना येथे ते लहान मुलांच्या बरोबर लॅटिनचे धडे गिरवू लागले. व्याकरण पाठ करावयास बसले की त्यांच्या मनात अतिशय सुंदर आध्यात्मिक विचार दाटून येत आणि धडा राहून जाई. मिस्सा ऐकताना वा प्रार्थनेच्या वेळी असे विचार येत नाहीत, ते नेमके व्याकरणाच्या वेळीच का येतात, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. मग शिक्षकांना चर्चमध्ये बोलावून, दोन वर्षे एकही धडा चुकविणार नाही, असे वचन त्यांनी दिले. मान्रेसापूर्वीचा इनिगो त्या गोड विचारांमागे धावला असता.

पुढे आल्काला आणि सालामांका येथे ते शिकले. लोकांना आध्यात्मिक मार्गदर्शन करतात, म्हणून तेथे त्यांच्यावर संशय घेण्यात आला. आल्कालाला ४२ दिवस आणि सालामांकाला २२ दिवस ते तुरुंगात राहिले. शिकवणुकीत दोष सापडला नाही. १५२८ च्या फेब्रुवारीत ते पायी पॅरिसला पोहोचले. इग्नेशिअस हे नाव त्यांनी वापरावयास सुरुवात केली ती तेथेच.

पॅरिसमध्ये त्यांनी आपल्याजवळचे सर्व पैसे एका स्पॅनिश सोबत्याजवळ विश्वासाने ठेवावयास दिले. त्याने ते उडविले. इग्नेशिअस ह्यांना निवासस्थान सोडून गरिबांच्या आश्रयगृहात राहावे लागले, भीक मागावी लागली, अभ्यासाचे नुकसान झाले. काही काळाने पत्र आले : स्पेनला परत जाण्यासाठी जहाजाची वाट पाहत असताना तो मनुष्य रुआँ शहरी आजारी पडला होता. रुआँ पॅरिसपासून सुमारे २८ लीग, म्हणजे तीन दिवसांची वाट. इग्नेशिअस ह्यांनी अनवाणी, अन्नपाण्यावाचून त्याच्याकडे जावयाचे ठरविले. पहाटे निघताना त्यांना इतकी धास्ती वाटली, की कपडे अंगात घालणेही कठीण झाले. तशा स्थितीतच ते चालू लागले. काही अंतर गेल्यावर एक चढण चढत असताना ते ओझे अचानक उतरले आणि मोकळ्या शेतांतून देवाशी मोठ्याने बोलत ते पुढे गेले. तिसऱ्या दिवशी रुआँला पोहोचून त्यांनी त्या रुग्णाला धीर दिला, त्याला जहाजावर बसविण्यास मदत केली आणि स्पेनमधील आपल्या मित्रांसाठी पत्रेही दिली. कठोर उपवास येथेही आहे, जुनी जिद्दही येथे आहे. पण मान्रेसाला ती स्वतःच्या शांतीसाठी होती. येथे ती आपले पैसे बुडविणाऱ्या माणसासाठी आहे. ज्यांच्या घरी उसनवारीवरून अबोला आहे, त्यांनी ह्या वाटेचे ध्यान करून पाहावे.

सांत बार्ब महाविद्यालयात पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर हे दोघे त्यांच्या खोलीत राहत. मृदू स्वभावाचे फेबर अभ्यासात त्यांना मदत करीत. त्या बदल्यात त्यांना आध्यात्मिक मार्गदर्शन मिळे. झेवियर लवकर वळले नाहीत; त्यांना मानाच्या पदाची आकांक्षा होती. इग्नेशिअस ह्यांनी घाई केली नाही. मानाची भूक कशी असते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? १५ ऑगस्ट १५३४ रोजी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, सात मित्रांनी पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवर दारिद्र्य आणि ब्रह्मचर्य ह्यांचे व्रत घेतले आणि जेरुसलेमला जाण्याचा नवस केला. त्यांपैकी फेबर हे एकटेच तोवर धर्मगुरू झाले होते.

पुढील वर्षी प्रकृतीच्या कारणास्तव इग्नेशिअस मायदेशी गेले, ते गढीत न उतरता गावातील गरिबांच्या इस्पितळात उतरले. थोरल्या भावाला हे अपमानास्पद वाटले. लहान मुलांना ते धर्मशिक्षण देऊ लागले, तेव्हा कोणी येणार नाही, असे भावाने सांगितले. एक जरी आला तरी पुरे, असे त्यांचे उत्तर होते. पुष्कळ आले. भाऊही आला.

१५३७ साली हे मित्र व्हेनिस येथे जमले, परंतु युद्धामुळे त्या वर्षी पवित्र भूमीकडे जहाज निघाले नाही. दुसऱ्यांदा तीच वाट बंद झाली. ठरल्याप्रमाणे त्यांनी स्वतःला पोपमहोदयांच्या स्वाधीन केले. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल ह्यांनी येशूसंघाला मान्यता दिली आणि १५४१ च्या एप्रिलमध्ये सोबत्यांनी इग्नेशिअस ह्यांना प्रमुख निवडले. जग पायी तुडविण्याची इच्छा असलेल्या ह्या यात्रेकरूने उरलेली पंधरा वर्षे रोममधील काही लहानशा खोल्यांत, मेजापाशी काढली. जवळजवळ सात हजार पत्रे आज उपलब्ध आहेत. वेश्याव्यवसायातून बाहेर पडू इच्छिणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी रोममध्ये संत मार्था गृह उघडले. गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जिया हे अतिरेकी तपश्चर्या करीत होते. त्यांना १५४८ साली इग्नेशिअस ह्यांनी प्रार्थनेचा वेळ निम्मा करून शरीराची काळजी घेण्यास कळविले. मान्रेसाचा अनुभव पाठीशी असल्याखेरीज असे पत्र लिहिता येत नाही.

झेवियर ह्यांना पाठवावयाचे नव्हतेच. ज्यांची निवड झाली होती ते बोबादिया आजारी पडले, म्हणून ऐन वेळी झेवियर निघाले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले. पुढे आपल्या वसईतही आले. रोममधील त्या मेजापासून निघालेली वाट अशी आपल्या दारापर्यंत आली. १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी मराठीत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले, हे आपल्या वाचकांस सांगावयास नकोच. इग्नेशिअस आणि झेवियर मात्र पुन्हा कधीच भेटले नाहीत. सोबत्यांच्या पत्रांवरील सह्या कापून झेवियर त्या गळ्यात बाळगीत. १५५३ च्या जूनमध्ये इग्नेशिअस ह्यांनी त्यांना युरोपात परत बोलावणारे पत्र लिहिले. चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर झेवियर ह्यांचे निधन होऊन तेव्हा सहा महिने उलटले होते.

१५५५ साली कार्डिनल काराफा हे चौथे पॉल म्हणून पोपपदी निवडले गेले. त्यांचे आणि इग्नेशिअस ह्यांचे पूर्वीपासून पटत नव्हते. ही बातमी ऐकताच इग्नेशिअस ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. काही न बोलता ते उठून प्रार्थनागृहात गेले आणि थोड्या वेळाने शांत मुद्रेने बाहेर आले. येशूसंघ जरी बरखास्त झाला तरी आपल्याला पाव तासाची प्रार्थना पुरेल, असे ते पूर्वी म्हणाले होते.

३० जुलै १५५६ रोजी दुपारी त्यांनी आपले चिटणीस फादर पोलांको ह्यांना बोलावले. आपला अंत जवळ आला आहे. पोपमहोदयांकडे जाऊन आशीर्वाद मागावा, असे त्यांनी सांगितले. वैद्यांना तर धोक्याचे लक्षण दिसत नव्हते. स्पेनकडे जाणारी टपाल त्या दिवशी निघावयाची होती आणि पोलांको ह्यांची पत्रे पुरी व्हावयाची होती. उद्या गेले तर चालेल काय, असे त्यांनी विचारले. आजच गेलेले बरे, परंतु आपण योग्य वाटेल तसे करावे, असे इग्नेशिअस उत्तरले. आग्रह केला नाही. पाम्प्लोनाचा किल्ला त्यांनी हट्टाने लढविला होता, बुटांसाठी हाड कापून घेतले होते, देवाशीही एक आठवडा हट्ट धरला होता. पोलांको ह्यांनी पत्रे लिहिली.

रात्री सेवकबंधूंना त्यांच्या खोलीतून देवाचा धावा ऐकू आला. पहाटे मंडळी आत गेली तो श्वास मंदावलेला. पोलांको धावतच पोपमहोदयांकडे गेले. ते आशीर्वाद घेऊन परत आले, तोवर इग्नेशिअस अंतिम संस्काराविना, कोणतीही निरवानिरव न करता, शांतपणे निघून गेले होते.